टिकलीचा खो

एक होतं पिल्लू. कोंबडीचं पिल्लू. एवढंस्सं!

अंग पिवळं पिवळं. कपाळावर काळा ठिपका. म्हणून नाव टिकली.

टिकली चालायची कशी? तुरुतुरु तुरुतुरु.

टिकली अंघोळ करायची कशी? मातीत!

पाणी नको. साबण नको. शाळेमागे मैदान होतं. मैदानात एक खळगा होता. खळग्यात माती होती, मऊ मऊ, भुसभुशीत. टिकली त्यात शिरायची. इकडे लोळायची. तिकडे लोळायची. पंख फडफडवायची, फुर्र फुर्र! अंगावरच्या पिसवा पळून जायच्या. मग टिकली आईच्या पंखाखाली शिरायची. ऊबदार. गुडुप!

एक दिवस काय झालं?

टिकली फाटकाखालून सुर्रकन मैदानात शिरली. खळग्यात उडी मारली.

टण्ण!

माती कडक. दगडासारखी. टिकलीची चोच दुखली. माती काही सुटेना.

अंघोळ नाही. मग सुटली खाज!

मानेला खाज. पोटाला खाज. शेपटीला खाज. खर खर, खुर खुर!

टिकली आईकडे पळाली. आई म्हणाली, "टिकले, अगं, पिसवा घेऊन पंखाखाली यायचं नाही हं! भावंडांना पण खाज सुटेल. जा, मातीत लोळून ये. दिवस मावळायच्या आत ये."

टिकलीने इकडे पाहिलं. अंगणात फरशी. टिकलीने तिकडे पाहिलं. रस्त्यावर डांबर. मऊ माती कुठेच नाही!

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मैदानाकडे.

"मैदाना मैदाना, माती दे ना!"

"का गं टिकले?"

"माझी खाज जाईना! खर खर, खुर खुर!"

मैदान म्हणालं, "नाही जा! पूर्वी मुलं धावायची. धडाधड धडाधड! माझी माती मऊ व्हायची. आता कुणी येतच नाही. आधी मुलांना धावू दे. मग माती देईन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मुलांकडे.

मुलं कुठे होती? शाळेच्या पायरीवर बसली होती. हणमू, झोया आणि छोटी बकुळ. हणमूचं तोंड इकडे. झोयाचं तोंड तिकडे. बकुळचं तोंड परत इकडे.

"मुलांनो मुलांनो, धावा ना!"

"का गं टिकले?"

"माती सुटेना, माझी खाज जाईना! खर खर, खुर खुर!"

हणमू म्हणाला, "नाही जा! आम्ही खो-खोला बसलोय. खो-खोमध्ये आपलं आपण उठायचं नसतं."

"मग कधी उठायचं?"

"मागून कुणीतरी येतं. पाठीला हात लावतं. 'खो' म्हणतं. मग उठायचं आणि पळत सुटायचं!"

"पण खो देणार कोण?" टिकलीने विचारलं.

झोया म्हणाली, "आधी शिट्टी वाजली पाहिजे ना! शिट्टीशिवाय खेळ सुरूच होत नाही. आधी रंजूताईला शिट्टी वाजवू दे. मग धावू."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली रंजूताईकडे.

रंजूताई म्हणजे खेळाची ताई. मुलांना पळायला शिकवायची. उड्या मारायला शिकवायची. पडलं तर झटकून उठायला शिकवायची. गळ्यात शिट्टी. खांद्यावर चेंडूंची जाळी. रंजूताई फाटकापाशी दगडावर बसली होती.

"ताई ताई, शिट्टी वाजव ना!"

"का गं टिकले?"

"मुलं धावेनात, माती सुटेना, माझी खाज जाईना! खर खर, खुर खुर!"

रंजूताई म्हणाली, "नाही जा! फाटकाला बघ काय आहे."

फाटकाला होतं कुलूप. एवढं मोठ्ठं! टिकली फाटकाखालून जायची. मुलं कशी जाणार?

"किल्ली कुणाकडे?"

"नानूआजोबांकडे. मी मागायला गेले, तर म्हणाले, थांब जरा. काल गेले, तर म्हणाले, थांब जरा. आज गेले, तर म्हणाले, थांब जरा! थांबून थांबून माझ्या बुटांना कोळ्यांनी जाळी केली. आधी आजोबांना कुलूप काढू दे. मग वाजवीन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली आजोबांकडे.

नानूआजोबा ओसरीवर खाटेवर बसले होते. किल्ली कमरेला. हात गुडघ्यावर.

"आजोबा आजोबा, कुलूप काढा ना!"

"का गं टिकले?"

"ताई शिट्टी वाजवेना, मुलं धावेनात, माती सुटेना, माझी खाज जाईना! खर खर, खुर खुर!"

आजोबा म्हणाले, "हल्लीची मुलं! नुसती बसून असतात. आमच्या वेळी आम्ही दिवसभर मैदानात असायचो!"

"तेव्हा कुलूप होतं?" टिकलीने विचारलं.

"छे छे! तेव्हा कुठलं कुलूप?"

"मग आता का?"

आजोबांनी डोकं खाजवलं. आजोबांनी दाढी खाजवली.

"का बरं लावलं मी? आठवत नाही बुवा. पण लावलंय ना? मग असू दे!"

"काढा ना आजोबा!"

"नाही जा! चहा नाही, तर अंगात जोर नाही. आधी आजीला चहा करू दे. मग काढीन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली आजीकडे.

ठकूआजी चुलीपुढे पाटावर बसली होती. चूल पेटलेली. पातेलं रिकामं.

"आजी आजी, चहा कर ना!"

"का गं टिकले?"

"आजोबा कुलूप काढेनात, ताई शिट्टी वाजवेना, मुलं धावेनात, माती सुटेना, माझी खाज जाईना! खर खर, खुर खुर!"

"नाही जा! चहा कशाचा करू? माझ्या कपाळाचा? घरात दुधाचा थेंब नाही. आधी चांदीला दूध देऊ दे. मग करीन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली चांदीकडे.

चांदी म्हणजे आजीची गाय. मोठ्ठी, पांढरी, गोलमटोल. चांदी गोठ्यात बसली होती. रवंथ करत होती. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

"चांदी चांदी, दूध दे ना!"

"हंऽऽऽ? का गंऽऽ टिकले?"

"आजी चहा करेना, आजोबा कुलूप काढेनात, ताई शिट्टी वाजवेना, मुलं धावेनात, माती सुटेना, माझी खाज जाईना! खर खर, खुर खुर!"

चांदी म्हणाली, "नाहीऽऽ जा! बसलेल्या गाईचं दूध कुणी काढतं का? दूध द्यायचं तर उठावं लागतं. आणि माझे पाय आखडलेत."

"मग ऊठ ना!"

"पूर्वी मुलं यायची. मला हौदावर न्यायची. पाणी पाजायची. मग पाय मोकळे व्हायचे. आता बसून बसून मीच झाले पोतं! आधी मुलांना येऊ दे. मग उठीन."

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मुलांकडे.

"मुलांनो मुलांनो, चला ना!"

"का गं टिकले?"

"गाय उठेना, आजी चहा करेना, आजोबा कुलूप काढेनात, ताई शिट्टी वाजवेना, मुलं धावेनात... अरे, मुलं म्हणजे तुम्हीच की!"

"हो, आम्हीच!" छोटी बकुळ म्हणाली.

"मग चला ना!"

"नाही जा!" हणमू म्हणाला. "आधी ताईला शिट्टी वाजवू दे."

अरेच्चा! ताईला शिट्टी? म्हणजे परत कुलूप. परत चहा. परत दूध. परत मुलं. परत शिट्टी!

टिकली फिरली गोल गोल गोल. तिला चक्कर आली. पाय दुखले. खाज तर सगळीकडे. खर खर, खुर खुर!

सूर्य गेला झाडामागे. आई बोलवायला लागली. कुक् कुक् कुक्! भावंडं पंखाखाली शिरायला लागली.

आता टिकलीला कोण घेणार?

टिकली गोठ्याच्या दाराशी गेली. मान खाली घातली. मटकन बसली.

बसली. आणि तिने पाहिलं.

समोर चांदी, बसलेली.

चुलीपुढे आजी, बसलेली.

ओसरीवर आजोबा, बसलेले.

फाटकापाशी ताई, बसलेली.

पायरीवर मुलं, बसलेली.

आणि टिकली? टिकलीसुद्धा बसलेली!

"अय्या!" टिकली म्हणाली. "सगळेच खो-खोला बसलेत! सगळे वाट बघतायत. पण खो कुणी देतच नाही!"

खो देणार कोण?

टिकलीने इकडे पाहिलं. कुणी उठेना. टिकलीने तिकडे पाहिलं. कुणी उठेना.

मग टिकलीच उठली! टुणकन!

"शिट्टी नाही तर नाही. मीच देते!"

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चांदीच्या शेपटीवरून वर. वर वर वर. थेट पाठीवर.

चोच उचलली. डोळे मिटले. आणि...

टुच!

"खो!"

"हंबाऽऽऽ!" चांदी दचकली. मागचे पाय उभे. पुढचे पाय उभे. चांदी उभी!

"अगं बाई! उठले की मी!" एक पाय झटकला. दुसरा पाय झटकला. "मोकळे झाले गं, मोकळे झाले! उठल्यावरच मोकळे होतात की!"

टिकली टुणकन खाली. तुरुतुरु तुरुतुरु. आजीच्या मागे.

टुच! "खो!"

"अगं आई गं! कोण ते?" आजी ताडकन उठली. समोर बघते, तर चांदी उभी. आजीने चरवी घेतली. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र! दूध निघालं. दूध पातेल्यात. चहा झाला. खळखळ खळखळ!

आजोबा चहा प्यायले. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र!

"वा! आता जरा आडवा होतो," आजोबा म्हणाले.

आडवे? टिकली खाटेखालून मागे गेली.

टुच! "खो!"

"आई आई गं!" आजोबा उठले. गुडघे वाजले, कट्ट! कट्ट! "थांब जरा, थांब जरा..."

"थांबायचं नाही!" टिकली म्हणाली. "खो मिळाला की पळायचं!"

"असं होय? हे मला ठाऊक आहे बरं का!" आजोबांनी धोतर खोचलं. आजोबा निघाले. लुटुलुटु लुटुलुटु. पुढे आजोबा, मागे टिकली.

फाटकापाशी आले. किल्ली काढली. कर्रर्र... कर्रर्र... खटाक्!

कुलूप निघालं!

ताई बघतच राहिली. टिकली दगडावर चढली.

टुच! "खो!"

ताई उठली. बुटांची कोळिष्टकं झटकली. शिट्टी तोंडात धरली. गाल फुगवले. आणि...

पीऽऽऽऽऽऽ!

केवढी ती शिट्टी! झाडावरचे पोपट उडाले. आजीच्या हातातून चमचा पडला, टण्! मुलांनी कान टवकारले.

टिकली पायरीवर. हणमूच्या पाठीला टुच! "खो!" झोयाच्या पाठीला टुच! "खो!" बकुळच्या पाठीला अगदी हळू टुच. "खो!"

मुलं उठली! मुलं सुटली!

धडाधड धडाधड, धडाधड धडाधड!

हणमू पुढे, झोया मागे. झोया पुढे, हणमू मागे. बकुळ पडली. धप्प! सगळे थांबले.

"आता काय करायचं, बकुळ?" रंजूताईने विचारलं.

बकुळने गुडघा बघितला. फ्रॉक झटकला.

"झटकायचं आणि उठायचं!" बकुळ म्हणाली. आणि सुटली!

"मी येऊ?" आजोबांनी विचारलं.

"थांबा जरा," रंजूताई म्हणाली.

आजोबांचं तोंड एवढंसं झालं.

रंजूताई खळखळून हसली. "गंमत केली आजोबा! या, या ना!"

आजोबा आले. आजी पदर खोचून आली. चांदीसुद्धा आली, टप टप टप टप. आजीने आजोबांना खो दिला. आजोबांनी हणमूला खो दिला. हणमूने चुकून चांदीलाच खो दिला. चांदी पळाली की गदागदा! सगळे हसून हसून लोटपोट.

आणि मैदान?

"मला खो द्या, मला खो द्या!" मैदान म्हणालं. "माझ्या पाठीवरच द्या!"

मुलांनी दिला. पायांनी दिला. धडाधड धडाधड! माती हलली. माती फुटली. माती सुटली. भुस्स!

मैदानसुद्धा उठलं! एवढी धूळ! सगळीकडे धूळ! मऊ मऊ धूळ!

"थांबा थांबा!" रंजूताई म्हणाली. आता हे थांबणं खरंच कामाचं होतं. तिने मैदानाच्या कोपऱ्यात पायाने माती उकरली. पांढऱ्या फक्कीने भोवती गोल रेघ काढली. "ही जागा टिकलीची. इथे कुणी पाय द्यायचा नाही."

टिकली गोलात शिरली. इकडे लोळली. तिकडे लोळली. पंख फडफडवले, फुर्र फुर्र! मानेची खाज गेली. पोटाची खाज गेली. शेपटीची खाज राहिली होती, ती पण गेली!

पिसवा पळाल्या. कुठे पळाल्या? कुणास ठाऊक!

सूर्य मावळायला आला. मुलांना तहान लागली. मुलं हौदावर गेली, आणि चांदीला बरोबर घेऊन गेली. हणमू ओंजळीने पाणी प्यायला. गट गट गट. चांदी वाकून प्यायली. सुर्रर्रर्रर्र! जवळपास सगळा हौदच प्यायली.

कुलपाचं काय झालं? आजीने ते घरी नेलं. पिठाच्या डब्यावर ठेवलं, झाकण उडू नये म्हणून. अजून तिथेच आहे. फाटक मात्र रोज उघडं.

आणि टिकली?

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली आईकडे.

आईने टिकलीची मान पाहिली. पोट पाहिलं. शेपटी पाहिली.

"एकही पिसू नाही! ये गं माझी टिकली."

आईने पंख उचलला. टिकली आत शिरली. ऊबदार. मऊ. भावंडं सरकली, जागा झाली.

"एवढा वेळ काय करत होतीस गं?" आईने विचारलं.

"मोठ्या मोठ्यांना उठवत होते," टिकली म्हणाली. आणि जांभई दिली.

गाय उठली, आजीचा चहा झाला, आजोबांनी कुलूप काढलं, ताईची शिट्टी वाजली, मुलं धावली, माती सुटली, टिकलीची खाज गेली!

गुडुप!

आणि तुम्ही? गोष्ट ऐकणारे, गोष्ट वाचणारे? अजून बसलेलेच?

पाठ इकडे करा बघू...

टुच! खो!